हनुवटीसमोरची ओळ

१ फेब्रुवारी, शनिवार

मास्तरांचा हुकूम आहे की या कामात आलेल्या प्रत्येकाने नोंद ठेवायची. कुठे गेलात, कोण भेटलं, काय कळलं. मी म्हटलं, "मास्तर, मी अंगठाबहाद्दर. रोज एकेक अंगठा उमटवून देऊ का?" तर म्हणाले, "आजी, तुम्ही सांगा, सूनबाई लिहितील." म्हणजे चूक माझी आणि छडी हिला. म्हणून हे अक्षर हिचं आणि तोंड माझं. मी बोलीन तसं लिहायचं, मधे आपलं शहाणपण घालायचं नाही, असं बजावलंय. हिने मान हलवली. लग्न होऊन आली तेव्हाही अशीच हलवली होती. पुढचं घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

तर काम असं. चौकात दगडी खांब आहे. लढाईत गेलेल्या आपल्या गावच्या पोरांची नावं त्यावर कोरलेली आहेत. नुसती नावं. मास्तर शाळेतून निवृत्त झाले आणि घरात बायकोच्या पायात यायला लागले, तेव्हा त्यांनी हे काढलं. वाचनालयाच्या भिंतीवर प्रत्येकाची एक पाटी लावायची. फोटो मिळाला तर फोटो, राहायचा कुठे, काय आवडायचं, कशावरून चिडायचा. मला पटलं. ज्यांना वाचता येतं त्यांना निदान नाव तरी आहे. मला तर त्या नुसत्या रेघोट्या.

खांबावर माझा धाकटा भाऊ आहे. तो गेला तेव्हा मी नवी नवरी होते. आमच्या यांनी मला खांबापाशी नेलं, माझा हात धरून दगडावर ठेवला आणि म्हणाले, "तुला वाचता येत नाही ना, मग एवढं लक्षात ठेव. तुझ्या हनुवटीसमोरची ओळ." तेव्हापासून बाजाराच्या दिवशी मी तिथे जाते, ओळीवर हात ठेवते आणि धाकट्याला घरची खबर देते. हिला तेवढ्यात भाजी आणायला पिटाळते. भावाबहिणीच्या बोलण्यात तिसरं माणूस कशाला?

धाकट्याची पाटी सगळ्यांत आधी झाली. 'शिट्टी सुरेख वाजवायचा. झोपेत भांडायचा. मोजे कधी जोडीचे घातले नाहीत.' मास्तर म्हणाले, मोजे कशाला? म्हटलं, मोजे राहू देत, शिट्टी पाहिजे तर काढा. दोन्ही राहिलं.

पाट्या लागणार पंधरा मार्चला. त्या दिवशी नाव पुकारलं की ज्याच्या घरचं माणूस असेल त्याने पाटीपाशी उभं राहायचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज मास्तर आम्हा सगळ्यांना खांबापाशी घेऊन गेले. हातात खडू. ज्याची माहिती मिळाली त्याच्या नावापुढे खूण करायची.

मी पुढे झाले. म्हटलं, माझ्यापासून सुरुवात करा. हनुवटीसमोर हात ठेवला आणि म्हणाले, "हा माझा धाकटा."

मास्तर खोकले. मग खाली बघून म्हणाले, "आजी, तुमचे बंधू वरच्या ओळीत आहेत."

मी म्हटलं, "खांब हलवलाय कोणीतरी."

"नाही हो."

"मग रस्ता उचलला असेल. दरवर्षी डांबर ओततात मेले."

"आई," ही हळूच म्हणाली, "रस्ता उचलला असता तर तुमचा हात वर गेला असता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. खांब होता तिथेच आहे. मीच खचले. कंबर वाकली, पाठीला बाक आला, आणि हनुवटी खाली खाली येत एका माणसावरून दुसऱ्या माणसावर उतरली. मी आपली इमानाने हनुवटीसमोर हात ठेवत राहिले.

मास्तरांच्या हातातला खडू घेतला आणि वरच्या ओळीपुढे खूण केली. मान वर करावी लागली.

घरी येऊन जेवले नाही. भूक नव्हती, दुसरं काही नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काहीच सांगायचं नव्हतं. पण एक हिशेब लागत नाही म्हणून बसले. मुलाला नोकरी लागली ते मी कोणाला सांगितलं? आमचे हे गेले, त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी तिथे उभी राहून रडले, ते कोणापुढे? धाकट्याला यातलं काय काय कळलं आणि काय कळलंच नाही?

हिला विचारलं, "तू इतकी वर्षं माझ्याबरोबर येतेस. तुला वाचता येतं. तुला माहीत होतं?"

पेन थांबलं. ही म्हणाली, "होतं, आई. मी लग्न होऊन आले तेव्हा तुमचा हात दोन नावांच्या मधे असायचा."

"मग तोंडाला काय कुलूप होतं?"

"तुम्ही बोलत असायचात."

हे काय उत्तर झालं? मी म्हटलं, लिही, हे उत्तर नव्हे. तर म्हणे, "मधेच सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचं थांबवलं असतं. मला मूल होत नव्हतं तेव्हा तुम्ही त्याला म्हणाला होतात, ती माझी पोर आहे, तिला कोणी वेडंवाकडं बोललं तर माझ्याशी गाठ आहे."

मी विचारलं, हे तुला कोणी सांगितलं? म्हणे, ऐकलं कुठेतरी. आता कुठे ऐकलं असेल? दगड बोलतो थोडाच. मीच कधीतरी शेजारणीपाशी बोलून बसले असेन, आणि शेजारीण म्हणजे दवंडीच. ही डोळे पुसतेय. म्हटलं, शाई फिसकटेल, सांभाळ.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वाचनालयात गेले. मास्तरांना विचारलं, तो खालचा कोण?

मास्तरांनी नाव वाचून दाखवलं. मी कधी ऐकलेलं नाही. गावात कोणीच ऐकलेलं नाही. पलटणीच्या कागदात नाव आहे, आपल्या गावचा एवढं आहे, पुढे घरचं कोणी नाही. मास्तर म्हणाले, "सगळीकडे विचारून झालं. त्यांच्या पाटीवर नाव आणि खाली 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहू."

मी म्हटलं, "त्याला आमच्या घरातलं सगळं माहीत आहे. माझ्या जावेचं आणि माझं भांडण कशावरून झालं तेसुद्धा. आणि मला त्याची काडीची माहिती नाही? हे बरं दिसत नाही, मास्तर."

मास्तर चष्मा पुसायला लागले. त्यांना बोलायचं नसलं की चष्मा मळतो.

"छापखान्याला दहा मार्चला सगळं द्यायचंय. आणि नियम ठाऊक आहे तुम्हाला. दोन माणसांनी एकमेकांना न विचारता एकच गोष्ट सांगितली तरच ती पाटीवर जाते. ऐकीव काही नको."

"ऐकीव सोडून मला दुसरं काय येतं? सगळं आयुष्य ऐकण्यावर काढलंय. तुम्ही जागा रिकामी ठेवा."

वाटेत ही म्हणाली, "आई, गुडघे दुखतात तुमचे." म्हटलं, घरी बसले तरी दुखतात. मग फुकट का दुखू द्यायचे?

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडाभर दारोदार हिंडले. म्हाताऱ्या भेटतात, चहा देतात, स्वतःच्या सुनांबद्दल बोलतात. खालच्याचं नाव घेतलं की ओठ मुडपतात. ठाऊक नाही.

आज मात्र वाचनालयात एक पुतण्या उगवला. स्कूटर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. सावलीतही काळा चष्मा. म्हणाला, ते माझे सख्खे काका. पंधरा तारखेला मी उभा राहीन, फोटोवाला येणार आहे ना?

मास्तरांचा चेहरा खुलला. मी म्हटलं, "बस बाबा. कसे होते काका?"

"उंचेपुरे. वाघासारखे. आवाज असा की भिंती हादराव्यात."

"आणि ते त्यांचं तुटलेलं बोट?"

"हो हो, लहानपणी तुटलं. आजी फार हळहळायची."

"उजव्या हाताचं ना?"

"उजव्याच."

"अरे, मला कुठे ठाऊक होतं! मी आत्ता चहा पिता पिता तोडलं ते."

हिला ठसका लागला, चहा नाकातून आला. पुतण्या चष्मा काढून उठला. म्हणाला, इतक्या जुन्या गोष्टी, चूकभूल होते. मी म्हटलं, होते की, मीही चुकून बरीच वर्षं त्याची बहीण होते. पण फोटोवाल्यासाठी नव्हते.

तो गेल्यावर मास्तर हिरमुसले. म्हणाले, निदान एक तरी माणूस मिळालं होतं. बोलले मी तोऱ्यात, पण घरी येईपर्यंत मलाही वाटत राहिलं, कोणीच नसण्यापेक्षा खोटा पुतण्या काय वाईट? मग वाटलं, वाईटच. खरा कसा होता ते विचारायचंही मग कोणी राहिलं नसतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

सापडला! नीट लिही, घाई करू नकोस.

दवाखान्यात रक्तदाब मोजायला गेले होते. तिथल्या बाकावर गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या कधी ना कधी येतात. शेजारी एक बाई. जुन्या पावाच्या भट्टीच्या मालकाची मुलगी, सगळे तिला भट्टीवाली म्हणतात. तोंड असं की कालच कोणाशी तरी भांडून आली आहे. हिने सवयीप्रमाणे चिठ्ठीवरचं नाव वाचून विचारलं, यांना ओळखता का?

भट्टीवालीने मान वळवली. "कुठून आणलंस हे नाव?"

"खांबावरून."

"पीठ्या तो. आमचा पीठ्या."

मग कळलं, इतके दिवस दारं वाजवून उपयोग का झाला नाही. त्याचं खरं नाव गावात कोणाला ठाऊकच नव्हतं. लहानपणी कुठून तरी आला, भट्टीवर कामाला राहिला, पोत्यांवर झोपला. डोक्यापासून पायापर्यंत पिठाने पांढरा, म्हणून पीठ्या. भट्टीवाल्यांनाही खरं नाव कळलं ते तो गेल्यावर, पलटणीतला एक शिपाई निरोप घेऊन आला तेव्हा. सोबत्यांनी घर विचारलं तर याने भट्टी सांगितली होती.

"कसा होता?" मी विचारलं.

"भित्रा. कुत्र्याला इतका घाबरायचा की लांबूनच पाव फेकायचा. हाड म्हणून. कुत्री कशाला जातील? गावातली झाडून सगळी त्याच्या मागे. आणि करपलेले पाव स्वतःला ठेवायचा. बाबा म्हणायचे, चांगला खा की रे. तर म्हणायचा, मला करपलेलाच लागतो. खोटं बोलायचा. मी एकदा चांगला दिला लपवून, तर उभ्या उभ्या संपवला."

"आणि गेला कसा?"

"वरच्या चौकीवर पोरांना जेवण पोचवायला निघाला होता. पोचवलं म्हणे. परत येताना." तिने नाक पुसलं. "त्या दिवशी आम्ही भट्टी पेटवली नाही. बाबांनी जन्मात पहिल्यांदा."

मी विचारलं, मग खांबापाशी कधी आली का नाहीस? तर म्हणाली, "कोणत्या नात्याने यायचं? आम्ही मालक. पोत्यांवर झोपवला त्याला. एकदा आले होते. लांबूनच पाहिलं, एक बाई त्याच्या नावावर हात ठेवून बोलत होती. चांगली घरगुती, रागावत होती, हसत होती. मला वाटलं, मिळालं वाटतं त्याला कोणी आपलं. बरं वाटलं. तशीच परत फिरले. मग पुन्हा गेले नाही."

मी म्हटलं, "ती मी."

ती बाकावर माझ्याकडे वळली. "मग तू बहीण त्याची?"

तेवढ्यात आतून माझा नंबर पुकारला. रक्तदाब वाढला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मीठ कमी करा.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तर खूश, पण नियम म्हणजे नियम. दुसरा साक्षीदार हवा, भट्टीच्या घरातला नको.

हे इथे लिहून ठेव. आज माझ्या जिभेवर आलं होतं. नवी नवरी असताना मी त्या भट्टीवर पाव आणायला जात असे. काउंटरमागे कोणीतरी पांढरं पोर असणारच. "मला आठवतोय तो," एवढं म्हटलं असतं की काम झालं होतं. मास्तरांनी विश्वास ठेवला असता. डोळे मिटून पुष्कळ आठवून पाहिलं. पावाचा वास आठवला, सुट्टे पैसे आठवले, पोर आठवलं नाही. तेव्हा मी त्याच्याकडे बघितलंच नसणार.

त्या स्कूटरवाल्याला मी हाकललं. आता स्वतःच बोट तोडायला बसू?

४ मार्च, मंगळवार

'पीठ्या' म्हणून विचारायला लागले आणि दारं पटापटा उघडली. म्हातारा न्हावी खाटेवरच उठून बसला. भरतीला जायच्या आदल्या दिवशी पीठ्या त्याच्याकडे केस कापायला आला होता. "मी म्हटलं, एवढ्या वयात सगळे केस पांढरे? पाणी ओतलं तर खाली काळेभोर. कसलं देखणं पोर निघालं ते! आरशात बघून तोच लाजला. आणि दुकानाबाहेर कुत्री, ही एवढी. मला म्हणाला, मागच्या दाराने सोडता का?"

मास्तर सोबतच होते. त्यांनीच उतरवून घेतलं. कुत्र्यांची गोष्ट दोघांनी एकमेकांना न विचारता सांगितली. म्हणजे कुत्री पाटीवर जाणार.

८ मार्च, शनिवार

आज मास्तरांशी वाजलं.

पाटीचा मजकूर झाला. शेवटी एक जागा राहिली, 'आपलं माणूस'. तिथे लिहिलेलं नाव पुकारतात आणि त्याने उभं राहायचं. भट्टीवालीला विचारलं तर ती म्हणाली, "मालकीण म्हणून उभी राहू? तू आहेस की." मास्तर म्हणाले, मग ती जागा रिकामी सोडू.

मी म्हटलं, "बहीण लिहा."

"आजी, तुमच्या तोंडून हे? त्या माणसाला तुम्हीच हाकललंत ना?"

"हाकललं. त्याने काकाला बोट लावलं, मीच तोडलेलं."

"मग तुमचं नातं तरी कुठे खरं आहे? भिंतीवर खोटं लिहायचं नाही, हे मी पहिल्या दिवशी सांगितलंय. एकाचं खोटं लिहिलं की बाकी सगळ्यांच्या पाटीवरचा विश्वास जातो. तुमच्या धाकट्याच्याही."

यात त्यांचं चुकत नव्हतं. म्हणूनच राग आला. मी उठून दारापर्यंत गेले. मग परत येऊन बसले, कारण तेवढ्यासाठी पुन्हा जिना चढायची ताकद नव्हती.

म्हटलं, "मास्तर, मग खरं लिहा. मी सांगते, ही लिहील." आणि सांगितलं:

'रक्ताचं कोणी सापडलं नाही. वाचता न येणारी एक बाई चुकून यालाच आपला भाऊ समजत आली आणि घरातलं सगळं याला सांगत राहिली. चूक कळली. तरी ती येतेच.'

मास्तरांनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही. म्हणाले, "पाटीवर एवढं मावणार नाही."

मी काही बोलायच्या आत हीच म्हणाली, "मावेल. मी अक्षर बारीक काढून छापखान्यात स्वतः नेऊन देते." लग्नानंतर पहिल्यांदाच माझ्या बाजूने बोलली असेल. तिचं म्हणणं, मी नेहमीच बोलते, तुम्हाला ऐकू येत नाही. असो. भांडण उद्यावर टाकलं.

१५ मार्च, शनिवार

वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. एकाशेजारी एक, रांगांनी पाट्या. बऱ्याच ठिकाणी फोटो. पीठ्याच्या पाटीवर नाही. तिथे नुसती अक्षरं, पण सगळ्यांपेक्षा जास्त, म्हणून लोक तिथेच जास्त थांबत होते. भट्टीवाली आली होती. पाटी वाचून झाल्यावर तिने मला सांगितलं, "कुत्र्यांचं नीट लिहिलंय." तिच्या तोंडून एवढं म्हणजे डोंगर हलला.

अडचण एवढीच होती की नावं खांबावरच्याच क्रमाने पुकारायची. धाकटा वर, लगेच खाली पीठ्या. दोन पाट्यांपाशी एक म्हातारी उभी राहणार कशी?

मी काल रात्रीच हिला सांगितलं होतं, धाकट्यापाशी तू उभी राहा, तू त्याची भाचेसून. त्याला तुझ्याबद्दल काहीच माहीत नाही, सगळं चुकीच्या कानात गेलंय. तुला बघितलं की सगळं समजेल. हिने विचारलं, आणि तुम्ही? म्हटलं, त्याच्यापाशी उभं राहणारे पुष्कळ आहेत, धाकट्याला घर आहे, फोटो आहे, मोजे आहेत. माझी गरज खालच्याला.

मास्तरांनी धाकट्याचं नाव घेतलं. ही पदर सावरून पुढे झाली. ताठ उभी राहिली. तिची हनुवटी किती वर असते, माझ्या आज लक्षात आलं.

मग मास्तरांनी पीठ्याचं खरं नाव घेतलं. मी काठी टेकत निघाले. लोकांनी वाट दिली. मी पाटीवर हात ठेवला. गार लागली, काच होती वर. बोलायचं पुष्कळ होतं, पण इतक्या लोकांत काय बोलणार, म्हणून मनात एवढंच म्हटलं, अरे, माझा रक्तदाब वाढलाय हं, तुला सांगायचं राहिलं होतं. मीठ कमी करायला सांगितलंय.

कार्यक्रम संपल्यावर बाहेरगावची एक बाई माझ्यापाशी आली. तिचा कोणी आहे भिंतीवर, मधल्या रांगेत. तिने पाटी वाचली नव्हती, डोळे भरलेले होते. मला विचारलं, "तुमचा कोण?"

मी म्हटलं, "भाऊ."

"सख्खा?"

मी जरा विचार केला. मास्तर शेजारीच उभे होते, ऐकत होते.

"आता इतक्या वर्षांनी सख्खं-चुलत काय काढायचं," मी म्हटलं, "सुख-दुःख सगळं यालाच सांगितलंय."

मास्तरांनी काठी हातात दिली आणि जिन्यापर्यंत सोडायला आले.

बास. मिटव ते. पाय सुजलेत, गरम पाणी ठेव.